मुलांना कथाप्रकारांची ओळख करून देताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना गोष्टीच्या पुस्तकांकडे वळवू पाहणारे पालक, शाळेत वाचनाचा तास घेणारे शिक्षक आणि वाचनालयाच्या बालविभागात नुकतेच काम करू लागलेले कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग मी गेली आठ वर्षे सांभाळते आहे. पहिल्या वर्षी मी जी चूक केली, ती तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी आधी तीच सांगते. मी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. त्यात रहस्यकथा, साहसकथा, विज्ञानकथा, ऐतिहासिक कथा असे आठ प्रकार व्याख्यांसह सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. महिन्याभरात मुलांना तो तक्ता पाठ झाला, आणि एका मुलाने "ज्या कथेत रहस्य असते, तिला रहस्यकथा म्हणतात" असे एका दमात म्हणून दाखवले. त्याने एकही रहस्यकथा वाचलेली नव्हती. ती वाचावी अशी इच्छाही त्या तक्त्याने त्याच्या मनात जागी केली नव्हती.

तो तक्ता मी काढून टाकला. त्यानंतर हळूहळू जी रीत सापडत गेली, तिचा गाभा एवढाच आहे की प्रत्येक कथाप्रकार वाचणाऱ्याच्या मनात एक वेगळा प्रश्न उभा करतो. रहस्यकथा वाचताना "हे कोणी केले?" असे वाटते, साहसकथेत "आता हा यातून सुटणार कसा?" असे वाटते आणि विज्ञानकथेत "खरोखर असे झाले तर?" हा विचार पाठ सोडत नाही. मुलाला आधी तो प्रश्न भेटावा आणि प्रकाराचे नाव मागाहून कळावे. पुढचे सर्व टप्पे या क्रमावरच उभे आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी काय हाताशी असावे

वाचनालयाचे सभासदत्व आधी घ्या. त्यासाठी बहुतेक ठिकाणी छापील अर्ज, पासपोर्ट आकाराचे छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि परत मिळणारी अनामत रक्कम लागते. मुलाच्या अर्जावर पालकांची सही घेतली जाते. अर्ज भरतानाच एक गोष्ट नक्की विचारा, ती म्हणजे बालसभासदाला मोठ्यांच्या विभागातील पुस्तक घरी नेता येते का. अनेक ठिकाणी ते नेता येत नाही, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हवी असलेली निम्मी पुस्तके नेमकी तिकडेच असतात. म्हणून घरातील एका मोठ्या माणसाचे सभासदत्व सोबत घेतलेले बरे.

याशिवाय सोळा-सतरा पुस्तके लागतील. त्यांत प्रत्येक प्रकाराची निदान दोन असावीत आणि त्या दोहोंपैकी एक तरी साठ-सत्तर पानांच्या आत संपणारे असावे. शंभर पानी वही, रंगीत टिकल्यांची पाकिटे, महाराष्ट्राचा एक आणि जगाचा एक नकाशा हेही जवळ ठेवा. पैसे खर्च करण्याआधी 'किशोर' मासिकाचे जुने अंक पाहा. बालभारतीचे हे मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. एकाच अंकात साहस, विनोद, विज्ञान आणि लोककथा शेजारी शेजारी सापडत असल्याने नमुन्यादाखल वाचून दाखवण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटे पुरेशी आहेत, परंतु वार आणि वेळ ठरलेली असावी.

1. मुलांना आधीपासून काय ठाऊक आहे, ते त्यांच्या लक्षात आणून द्या

पहिल्या दिवशी एकही पुस्तक उघडू नका. "आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता" एवढेच म्हणा आणि थांबा. मुलांना विचारा की आता पुढे काय काय होऊ शकते. राजाला दोन राण्या असतील, एक आवडती आणि एक नावडती असेल, कोणीतरी व्रत करील, देव प्रसन्न होईल, असे ती भराभर सांगू लागतात. ज्या घरात श्रावणातल्या कहाण्या वाचल्या जात नाहीत, त्या घरांतल्या मुलांनाही हे बऱ्यापैकी सांगता येते. नंतर विचारा, "या गोष्टीत पोलीस येऊन बोटांचे ठसे घेतील का?" सगळी मुले हसतात आणि "नाही" म्हणतात. का नाही, हे मात्र त्यांना लगेच सांगता येत नाही. त्या विचारात त्यांना थोडा वेळ राहू द्या.

मग दुसरे उदाहरण घ्या. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे असते, पावसात कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीचे दार ठोठावतो. चिमणी बोलते कशी, असा प्रश्न तीन वर्षांच्या मुलालाही पडत नाही, कारण या गोष्टीत पक्षी बोलणारच, हे त्याने पहिल्याच वाक्याला मान्य केलेले असते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून निघालेल्या म्हातारीचेही तसेच आहे. भोपळा टुणूक टुणूक कसा चालतो, हे कोणी विचारत नाही, आणि तीच मुले वाघाच्या तावडीतून म्हातारी सुटेल की नाही याची मात्र श्वास रोखून वाट पाहतात.

इथे मुलांना एवढेच सांगा की गोष्ट सुरू होते तेव्हा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक करार होतो. या जगात काय चालेल, काय चालणार नाही आणि आपण कशाची वाट पाहायची, हे त्या करारात ठरते. कथाप्रकार म्हणजे हा करार. "प्रकार" हा शब्द वापरण्याची घाई मीही आता करत नाही. मुले पहिले काही आठवडे "आपण आज कुठला करार वाचणार?" असेच विचारतात.

2. गोष्टीचे रूप आणि गोष्टीचा प्रकार यांची गल्लत दूर करा

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे, पण तो वगळला तर पुढे फार गोंधळ होतो. कादंबरी, लघुकथा, चित्रकथा आणि नाटक ही रूपे आहेत. रहस्य, साहस, विनोद आणि भय हे प्रकार आहेत. "मला चित्रकथा आवडतात" असे मूल म्हणते तेव्हा त्याने प्रकार सांगितलेला नसतो. पौराणिक चित्रकथा, विनोदी चित्रकथा आणि हेरकथेची चित्रकथा यांतली कोणती, हे विचारावे लागते. लाडू रव्याचाही होतो आणि बेसनाचाही होतो, एवढे सांगितले की नऊ वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो.

3. रहस्यकथेपासून आरंभ करा

वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलांसाठी मी नेहमी रहस्यकथा आधी निवडते. त्यामागे साधे कारण आहे. या प्रकारात वाचकाला काम असते. सुगावे गोळा करायचे, संशयितांची नावे लक्षात ठेवायची, कोण खोटे बोलतो आहे ते ओळखायचे आणि नायकाच्या आधी उत्तर शोधायचे. जे मूल वर्णनाचे परिच्छेद गाळून पुढे जाते, तेच मूल रहस्यकथेत टेबलावरच्या राखेचे वर्णन दोनदा वाचते, कारण त्यात काहीतरी दडलेले असेल, असा त्याला संशय असतो.

सत्यजित राय यांनी निर्माण केलेला गुप्तहेर फेलुदा या वयासाठी मला फार उपयोगी पडला आहे. या कथा 1965 पासून 'संदेश' या बंगाली बालमासिकात येऊ लागल्या आणि अशोक जैन यांनी केलेल्या अनुवादामुळे त्या मराठीत सहज मिळतात. त्या फेलुदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो. हा तपशील मुलांशी जरूर बोला. गोष्ट सांगणाऱ्याला फेलुदाच्या मनातले कळत नाही, म्हणून आपल्यालाही ते कळत नाही, आणि रहस्य शेवटपर्यंत टिकते. गोष्ट कोणाच्या तोंडून सांगितली आहे, याने गोष्ट बदलते, हा वाङ्मयाचा मोठा धडा इथे आपोआप शिकून होतो.

पद्धत अशी ठेवा. कथा मोठ्याने वाचा आणि साधारण तीन चतुर्थांश झाल्यावर पुस्तक मिटा. प्रत्येक मुलाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: माझा संशय कोणावर आहे, कोणत्या सुगाव्यावरून आहे, आणि माझे म्हणणे कोणत्या गोष्टीमुळे चुकीचे ठरू शकते. तिसरा प्रश्न सोडू नका. उरलेला भाग पुढच्या आठवड्यात वाचा. मधल्या सात दिवसांत दोन-चार मुले पुस्तक मागायला येतातच. त्यांना ते द्यावे, पण शेवट इतरांना न सांगण्याचे वचन घ्यावे. आमच्याकडे हे वचन आजवर एकदाच मोडले गेले, आणि ज्याने ते मोडले त्याला बाकीच्यांनी पुढची पूर्ण कथा मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम दिले. त्याने ते मनापासून केले.

उत्तर बरोबर आले की नाही, याला गुण देऊ नका. चांगल्या कारणाने चुकीच्या माणसावर संशय घेणारे मूल लेखकाने टाकलेल्या चकव्यात शिरले, म्हणजेच त्याने कथा नीट वाचली.

4. साहसकथा नकाशासह वाचा

साहसकथेत "कोणी केले" हे बहुधा ठाऊक असते. चिंता असते ती सुटकेची. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, हा मराठी साहसकथेचा सर्वांत जिवंत नायक आहे, असे माझे ठाम मत आहे. तो सायकलवरून फिरतो, "टॉक्" असा आवाज काढतो आणि संकटात उडी घेतो. या कथांत रहस्यही असते. त्यामुळे मुलांना विचारा की ही रहस्यकथा की साहसकथा, आणि वाद होऊ द्या. उत्तर देण्याची घाई करू नका.

वाचताना महाराष्ट्राचा नकाशा समोर असावा. नायक कुठून निघाला, कुठे अडकला, त्याला तिथून जवळचे गाव किती दूर आहे, हे बोटाने दाखवता आले की धोका खरा वाटतो. पुस्तक जुने असल्याने काही वस्तू मुलांना अनोळखी वाटतात. तार करणे, ट्रंककॉल लावणे यांचा अर्थ आधीच सांगून ठेवा, कारण ऐन उत्कंठेच्या जागी थांबून शब्दार्थ सांगितला की सगळा रंग जातो.

5. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा एकत्र शिकवा

हे दोन प्रकार वेगवेगळे दिले तर मुलांना ते सारखेच वाटतात, कारण दोहोंत न घडणाऱ्या गोष्टी घडतात. ते शेजारी ठेवले की फरक दिसतो. अदृश्य होण्याची टोपी सापडली आणि ती डोक्यावर घालताच नायक दिसेनासा झाला, तर ती अद्भुतकथा. प्रकाशकिरण वस्तूला वळसा घालून जातील अशी सामग्री कोणी तयार केली आणि म्हणून नायक दिसेनासा झाला, तर ती विज्ञानकथा. विज्ञानकथेच्या लेखकाला कारण द्यावे लागते, आणि ते कारण आपल्याला ठाऊक असलेल्या विज्ञानाशी अगदीच फटकून असून चालत नाही.

जयंत नारळीकर यांच्या कथालेखनाचा आरंभ मुलांना आवर्जून सांगा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. या टोपणनावाची आद्याक्षरे ना. वि. ज. अशी आहेत, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने. फळ्यावर दोन्ही नावे लिहा आणि कोडे मुलांनाच सोडवू द्या. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाने आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये याची काळजी घेतली, हे ऐकून मुलांना ती कथा वाचावीशी वाटते. कृष्णविवराजवळ काळ संथ चालतो, ही कल्पना मात्र आधी एखाद्या चित्राने समजावून द्यावी लागते. ते केले नाही तर दहा-अकरा वर्षांची मुले अर्ध्यावर हरवतात, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक उपक्रम आहे. झ्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रप्रवासाची कादंबरी 1865 साली प्रसिद्ध झाली, आणि व्हर्नला मराठी मुलांपर्यंत आणणारेही भा. रा. भागवतच होते. व्हर्नचे प्रवासी अमेरिकेतील फ्लोरिडातून निघतात. 1969 साली अपोलो 11 हे यानही फ्लोरिडातूनच निघाले. मात्र व्हर्नने आपले यान प्रचंड तोफेतून डागले होते, आणि तसे डागले असते तर त्या धक्क्याने आतील माणसे वाचली नसती. कोणते खरे ठरले आणि कोणते चुकले, याची यादी मुलांकडून करून घ्या. लेखक काही ठिकाणी चुकूनही कथा टिकते, हे त्यांना यातून दिसते.

अद्भुतकथेविषयी एक गैरसमज मोठ्यांतच फार आहे. तिथे काहीही चालते, असे मानले जाते. प्रत्यक्षात चांगल्या अद्भुतकथेचे नियम फार कडक असतात. राक्षसाचा प्राण पोपटात असेल तर तो शेवटपर्यंत पोपटातच असायला हवा. मुलांना प्रत्येक अद्भुतकथेचे तीन नियम शोधायला सांगा. लेखकाने स्वतःचाच नियम मोडला असेल तर ती अचूक पकडतात आणि अशा वेळी त्यांचे परीक्षण तुमच्या-माझ्यापेक्षा बारकाईचे असते.

6. ऐतिहासिक कथा: घडलेले आणि रचलेले

हा टप्पा सर्वांत काळजीने हाताळावा लागतो. आपल्याकडे मुलांची इतिहासाशी पहिली ओळख पाठ्यपुस्तकापेक्षा कथा-कादंबऱ्या, पोवाडे आणि चित्रपट यांतून होते. त्यामुळे कादंबरीतले संवाद खरोखर तसेच बोलले गेले, असे मुले धरून चालतात. पुष्कळदा त्यांना पुस्तक देणारी मोठी माणसेही तसेच मानत असतात.

सिंहगडाचे उदाहरण घ्या. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि त्या लढाईत त्यांना मरण आले, हा इतिहास आहे. "गड आला पण सिंह गेला" हे वाक्य प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते, आणि त्याच नावाची ह. ना. आपटे यांची कादंबरी आहे. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही गोष्ट मात्र लोकपरंपरेतून आलेली आहे. घोरपड माणसाचे वजन खरोखर पेलू शकेल का, हे मुलांना त्यांच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारू द्या.

वहीत मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "घडलेले" आणि उजवीकडे "रचलेले" असे लिहा. कादंबरीचे एक प्रकरण वाचल्यावर व्यक्ती, स्थळे, तारखा, संवाद, मनातील विचार, हवामान, जेवणातील पदार्थ या सर्वांची वाटणी मुलांनी करावी. जिथे ठरवता येत नाही, तिथे रेघेवरच लिहावे. रेघेवर लिहिलेल्या गोष्टी हाच पुढच्या चर्चेचा विषय असतो.

ही वाटणी करताना एका जागी मी स्वतः अडखळले होते. एका मुलाने खिन्न होऊन विचारले, "काकू, म्हणजे पुस्तकात सगळं खोटंच असतं का?" त्याला दिलेले उत्तर मी आता प्रत्येक गटाला आधीच देते. लेखकाने रचलेले असते म्हणून ते खोटे नसते. रात्री कडा चढणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, हे कोणत्याही कागदपत्रात लिहिलेले नाही. इतिहासकाराला तिथे थांबावे लागते आणि कादंबरीकाराला तिथेच काम सुरू करावे लागते. दोघांची कामे वेगळी आहेत, एवढे कळले की मूल आदरही बाळगते आणि प्रश्नही विचारते.

गडाच्या जवळ राहत असाल तर प्रकरण गडावर जाऊन वाचा. दूर राहत असाल, परदेशात असाल, तर छायाचित्रे आणि नकाशा यांवर भागवता येते.

7. भयकथा आणि गूढकथा: नावावर जाऊ नका

मुले भुताच्या गोष्टी मागतातच, आणि त्या पूर्णपणे नाकारू नयेत असे मला वाटते. सुरक्षित जागी बसून भीतीचा अनुभव घेणे आणि त्यातून बाहेर येणे, हा वाढण्याचा भाग आहे. मात्र मराठीत या प्रकारातले उत्तम लेखन मुख्यतः मोठ्यांसाठी झालेले आहे. नारायण धारप यांच्या कादंबऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याच्या नाहीत. रत्नाकर मतकरी यांच्या बाबतीत पालकांची विशेष फसगत होते. त्यांनी 'अलबत्या गलबत्या'सारखी बालनाट्ये लिहिली, म्हणून त्यांच्या नावाचे कोणतेही पुस्तक मुलांचेच असेल, असे समजून त्यांच्या गूढकथांचा संग्रह घरी नेला जातो. लेखकाच्या नावावरून वय ठरवू नका. पुस्तक आधी स्वतः वाचा. किमान पहिली कथा आणि शेवटची कथा तरी वाचाच.

या प्रकाराचे वाचन दिवसा आणि गटात करा. वाचून झाल्यावर "लेखकाने आपल्याला नेमके कोणत्या वाक्याला घाबरवले?" हे शोधायला लावा. दार करकरले म्हणून भीती वाटली, की दार करकरण्याआधी लेखकाने सगळे आवाज बंद केले होते म्हणून वाटली? ही उकल करताना भीती निघून जाते आणि कारागिरी दिसू लागते. जे मूल उठून जाऊ इच्छिते, त्याला जाऊ द्यावे. इतरांनी त्याला चिडवू नये, याची जबाबदारी आपली आहे.

8. विनोदी कथा आणि आपल्यासारख्यांच्या गोष्टी

विनोदी कथा मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचल्यावर खुलतात, म्हणून त्या मुलांनाच वाचायला द्या. चि. वि. जोशी यांचा चिमणराव आणि ना. धों. ताम्हनकर यांचा गोट्या आजही हसवतात, फक्त त्या काळातील घरे, पोशाख आणि नाणी यांची दोन शब्दांत ओळख करून द्यावी लागते.

रोजच्या जगण्यावरच्या कथा मुले सहसा शेवटी उचलतात, कारण मुखपृष्ठावर तलवार किंवा अंतराळयान नसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर मी व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'ची पहिली काही पाने वाचते. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक कोवळा तरुण मास्तर म्हणून एकटाच जातो. नव्या शाळेत पहिल्या दिवशी एकटे वाटलेल्या मुलाला त्याच्याविषयी फार सांगावे लागत नाही. "मी त्याच्या जागी असतो तर?" हा या प्रकाराचा प्रश्न आहे.

9. टिकल्या मुलांनाच लावू द्या

इतके झाल्यावर प्रकारांची नावे आणि रंगीत टिकल्या बाहेर काढा. रहस्याला काळी, साहसाला लाल, विज्ञानाला निळी असे रंग मुलांनी ठरवावेत आणि वाचलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या कण्यावर टिकली चिकटवावी. वाचनालयाच्या पुस्तकांसाठी ग्रंथपालांची परवानगी घ्या. नाहीच मिळाली तर टिकल्या वहीतील यादीत लावा.

एका पुस्तकावर दोन किंवा तीन टिकल्या चालतील, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. त्याने मोठा ताण जातो. टिकली लावणाऱ्याने कारण सांगायचे आणि दुसऱ्याला ते पटले नाही तर त्याने पुस्तकातील पान दाखवून हरकत घ्यायची, एवढा एकच नियम ठेवा. मोठ्यांनी या वादात भाग घेऊ नये.

सहल शक्य असेल तर पाचगणीजवळचे भिलार हे गाव दाखवा. 4 मे 2017 रोजी ते पुस्तकांचे गाव म्हणून सुरू झाले. तिथे गावकऱ्यांच्या घरांतून पुस्तके मांडलेली आहेत आणि वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या प्रकारचे साहित्य ठेवलेले आहे. टिकल्यांचा खेळ खेळलेल्या मुलांना एका घरातून दुसऱ्या घरात जाताना आपण एका करारातून दुसऱ्या करारात चाललो आहोत, हे सांगावे लागत नाही.

10. एकच घटना, पाच प्रकार

मधल्या सुट्टीत एका मुलाचा डबा नाहीसा झाला. एवढीच घटना द्या. पाच गट करा आणि चिठ्ठ्या टाकून प्रकार वाटा. रहस्याच्या गटाला बाकाखाली लोणच्याचा डाग सापडतो, विज्ञानाच्या गटात डबा दहा मिनिटे भविष्यात जातो आणि ऐतिहासिक गटात तो किल्ल्याच्या वेढ्यातील शेवटची शिदोरी होतो. भयाच्या गटात डबा परत येतो, पण उघडा आणि अजून गरम. विनोदी गट बहुधा मुख्याध्यापकांना त्यात ओढतो. मोठ्याने वाचून दाखवल्यावर व्याख्यांची काहीच आवश्यकता उरत नाही. लेखनातील शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी दाखवू नका.

वारंवार होणाऱ्या चुका

पाचवीनंतर परीकथा बंद, आठवीनंतर चित्रकथा बंद, अशी शिडी लावू नका. कथाप्रकार वयाच्या पायऱ्या नाहीत. इंग्रजी माध्यमातील मुलाला त्याच्या वयाचे मराठी पुस्तक स्वतः वाचायला लावण्याआधी काही महिने वाचून दाखवा, कारण त्याचा कान त्याच्या डोळ्याच्या बराच पुढे असतो, आणि वाचनाच्या गतीला साजेसे बाळबोध पुस्तक दिले तर त्याचा अपमान होतो. प्रत्येक गोष्टीनंतर तात्पर्य विचारण्याची सवय सोडा. मुलांची पुस्तके आणि मुलींची पुस्तके असे दोन ढीग कधीही करू नका.

मूल एकाच प्रकारात अडकले, अशी तक्रार पालक सर्वाधिक करतात. अशा वेळी ते पुस्तक हातातून काढून घेऊ नये. त्याच्या आवडीच्या प्रकाराशी एखादा धागा जुळेल, असे दुसऱ्या प्रकारातील पुस्तक शेजारी ठेवावे आणि वाट पाहावी. आमच्याकडे एक मुलगी दीड वर्ष केवळ भुताच्या गोष्टी वाचत होती. एका गोष्टीत शनिवारवाड्यातून रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, असा उल्लेख होता. तिने पुस्तक परत करताना विचारले, "काकू, हा काकाला हाक मारणारा खरा कोण होता?" मी तिला सांगितले की तो नारायणराव पेशवा, 30 ऑगस्ट 1773 रोजी त्याच वाड्यात त्याचा खून झाला आणि तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग पेशवाईवरची पुस्तके कुठल्या कपाटात आहेत, असे तिने विचारले. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा तिच्या वहीत मधोमध रेघ मारलेली होती, आणि ती हाक तिने रेघेवर लिहिली होती.